परसातील दुर्बिणीतून घेतलेले चंद्राचे छायाचित्र वारंवार मऊ किंवा पांढरेफटक येत असेल, तर कारण कसे शोधावे

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर चंद्र सुरेख दिसतो, विवरेही उठून दिसतात. आणि तेच छायाचित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडले की कडा मऊ, मधला भाग धुरकट किंवा उजळ बाजू सपाट पांढरी निघते. दुर्बिणीला कॅमेरा जोडू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. कोकण किनाऱ्यावर तर ती एकदा मिटून पुन्हा उद्भवते, कारण एका रात्री जमलेले आकडे पुढच्या पंधरवड्यात जसेच्या तसे लावले तरी निकाल वेगळाच येतो. असे होते याचे कारण बहुतेक वेळा कॅमेरा नसतो. एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश), हादरा, फोकस, हवा आणि दव या पाच वेगवेगळ्या गोष्टी जवळपास सारखाच दिसणारा दोष निर्माण करतात, आणि आपण एकाच वेळी आयएसओही (सेन्सरची प्रकाशसंवेदना) बदलतो, शटरही बदलतो, फोकसही हलवतो. त्यामुळे नेमके काय सुधारले आणि काय बिघडले हे कळायला मार्गच उरत नाही. मात्र पूर्ण आकारात पाहिले तर यातील प्रत्येक दोषाची खूण निराळी असते. ती खूण ओळखून एका वेळी एकच गोष्ट बदलत जाणे हाच माझ्या मते खात्रीचा मार्ग आहे.

पुढील आकडे १५० मिमी व्यासाच्या आणि १२०० मिमी नाभीय अंतराच्या, म्हणजे एफ/८ च्या, न्यूटोनियन (आरशांच्या) दुर्बिणीला धरून आहेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा आणि आयपीसशिवाय थेट फोकसरला (फोकस साधण्यासाठी आत-बाहेर सरकणाऱ्या नळीला) जोडलेला आहे असे गृहीत धरले आहे. चंद्राचा आकाशातील व्यास सुमारे अर्धा अंश असल्यामुळे नाभीय अंतराला ११० ने भागले की सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा व्यास मिळतो. येथे तो साधारण ११ मिमी येतो आणि १५ मिमी उंचीच्या सेन्सरवर आरामात मावतो. अशा सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा असतो आणि या दुर्बिणीत तो आकाशातील ०.६७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका भाग टिपतो. चंद्राच्या सरासरी अंतरावर, म्हणजे ३,८४,४०० किमीवर, एक विकला म्हणजे जवळजवळ १.९ किमी, म्हणून एका पिक्सेलमध्ये चंद्राचा सव्वा किलोमीटर भाग येतो. आपली दुर्बीण वेगळी असेल तर हे दोन आकडे आधी स्वतःसाठी काढून ठेवावेत, कारण हादरा किती झाला आणि तो चालण्याजोगा आहे की नाही हे ठरवताना त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

आधी एक्स्पोजर, आणि तेही तिथीप्रमाणे

चंद्र पांढरीफटक तबकडी होऊन येत असेल तर पहिला संशय स्वयंचलित एक्स्पोजरवर घ्यावा. कॅमेरा चौकटीतील काळ्याभोर आकाशाची सरासरी धरतो आणि प्रकाश कमी आहे असे समजून शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. म्हणून एम मोड (सर्व काही हाताने ठरवण्याचा), ठरवलेला आयएसओ आणि ठरवलेला शटर स्पीड एवढेच हातात ठेवावे. स्वयंचलित आयएसओ बंद करावा. व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाचा ठेवावा, कारण चांदणे हा परावर्तित सूर्यप्रकाशच आहे. छायाचित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवावे. काही मिररलेस कॅमेरे लेन्स सापडली नाही की शटर दाबूच देत नाहीत. त्यांच्या मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो आणि तो आधीच सुरू करून ठेवावा लागतो.

पौर्णिमेच्या चंद्रासाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की एफ/११ ला शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद. आपली दुर्बीण एफ/८ ची, म्हणजे एक स्टॉप (दुप्पट) अधिक उजळ आहे. म्हणून आयएसओ २०० ला १/४०० सेकंदापासून सुरुवात करावी. हा झाला पौर्णिमेचा आकडा. त्यानंतरचा प्रश्न असा, की अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा एकूण प्रकाशही निम्मा असेल, ही समजूत चुकीची आहे. पौर्णिमेच्या चंद्राची दृश्यप्रत (तेजस्वीपणाचे माप; आकडा जितका उणे तितके तेज जास्त) सुमारे −१२.७ असते आणि अर्ध्या चंद्राची −१० च्या आसपास, म्हणजे अर्धा चंद्र पौर्णिमेच्या जेमतेम एक दशांश प्रकाश देतो. चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने पौर्णिमेला सर्व सावल्या खडकांमागे लपतात आणि प्रकाश सरळ आपल्याकडे परततो. अष्टमीला सूर्य बाजूने येतो आणि प्रत्येक उंचवटा आपली सावली पसरतो. म्हणून क्षेत्र निम्मे झाले तरी उरलेल्या भागाची प्रखरताही बरीच घटलेली असते.

येथे आपल्या घरातील दिनदर्शिका फार उपयोगाची आहे. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनावरच मोजली जाते आणि प्रत्येक तिथीला हा कोन १२ अंशांनी वाढतो. शुद्ध अष्टमीच्या बरोबर मध्यावर तो ९० अंश असतो. चंद्राच्या पृष्ठभागावर किती तिरपा प्रकाश पडतो आहे हे सांगणारे याहून सोपे माप नाही. म्हणून वहीत तारखेऐवजी तिथी लिहिली, तर एका महिन्यात काढलेला आकडा पुढच्या महिन्यात लगेच लागू पडतो. एफ/८ आणि आयएसओ २०० धरून मी सुरुवातीला पौर्णिमेसाठी १/४००, द्वादशीच्या सुमारास १/२००, अष्टमीला १/१०० आणि चतुर्थीच्या कोरीसाठी १/५० हे आकडे लावण्याचा सल्ला देईन. आरशांच्या परावर्तनात आणि दुय्यम आरशाच्या आडोशामुळे थोडा प्रकाश वाया जातो, म्हणून प्रत्यक्षात किंचित जास्त वेळ लागेल. वद्य पक्षातही हेच आकडे उलट्या क्रमाने चालतात. फक्त वद्य अष्टमीला उजळणाऱ्या अर्ध्या भागात काळसर सपाट प्रदेश जास्त असल्याने तो शुद्ध अष्टमीच्या चंद्राहून थोडा मंद भरतो.

हे केवळ प्रारंभबिंदू आहेत. ठरलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टॉप अंतराने दोन-दोन छायाचित्रे घ्यावीत आणि पाचही छायाचित्रांचा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) पाहावा. ज्यात आलेखाचे उजवे टोक चौकटीला टेकत नाही असे सर्वांत उजळ छायाचित्र हेच त्या रात्रीचे योग्य एक्स्पोजर होय. पौर्णिमेच्या आसपास ॲरिस्टार्कस आणि टायको या विवरांचा परिसर सर्वांत आधी पांढरा पडतो, म्हणून एकूण आलेख ठीक वाटला तरी या दोन जागा मोठ्या करून पाहाव्यात. अष्टमीला अडचण निराळी असते: सूर्याकडची कड उजळ आणि छायारेषेजवळचा (उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळचा) भाग अंधारा. अशा वेळी उजळ कड जपावी. रॉ फाइलमध्ये अंधार बराचसा उचलता येतो. पांढरा पडलेला भाग मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आकाशातील उंचीही वहीत लिहावी. ३० अंश उंचीवर चंद्रप्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट जाडीच्या हवेतून यावे लागते आणि १० अंशांवर साडेपाच पट. समुद्रावर खारट धुरकटपणा असतो, त्यामुळे पश्चिमेला मावळतीकडे झुकलेला चंद्र एका तासात एक स्टॉप मंद झालेला आढळला तर त्यात नवल नाही. कॅमेऱ्याचे काही बिघडलेले नसते.

हादरा की आकाशाची गती

एक्स्पोजर बरोबर आहे आणि तरीही छायाचित्र मऊ आहे, असे असेल तर ते पूर्ण आकारात उघडून छायारेषेजवळची लहान विवरे पाहावीत. सगळी विवरे एकाच दिशेला ओढल्यासारखी लांबट दिसत असतील तर काहीतरी हलले आहे. डोबसोनियन बैठकीला (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीला) मोटर नसल्याने बहुतेक जण लगेच चंद्र सरकला असे म्हणतात. हिशेब मात्र तसे सांगत नाही. चंद्र आकाशात सेकंदाला सुमारे १४.५ विकला सरकतो. १/५० सेकंदात ही सरक ०.२९ विकला, म्हणजे आपल्या अर्ध्या पिक्सेलहूनही कमी भरते. मोटर नसलेल्या बैठकीवरही थेट फोकसला १/५० पर्यंत निर्धास्त राहावे.

तरीही खात्री हवी असेल तर एक साधी चाचणी आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात) चंद्र कोणत्या दिशेने सरकतो ते पाहून ठेवावे. विवरे त्याच दिशेने लांबट असतील तर सरक हे कारण. आणि कॅमेऱ्याच्या उभ्या दिशेने, म्हणजे शटरचे पडदे आणि आतला आरसा ज्या दिशेने हलतात त्या दिशेने लांबट असतील तर हादरा. दोन्ही दिशा योगायोगाने एकच येत असतील तर कॅमेरा फोकसरमध्ये पाव वर्तुळ फिरवावा आणि पुन्हा पाहावे.

हादऱ्याची दुसरी चाचणी अधिक निर्णायक आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करावी असे मी आग्रहाने सांगेन. एक्स्पोजर तेच ठेवून आयएसओ आणि शटर एकमेकांच्या बदल्यात बदलावे. अष्टमीसाठी ही मालिका अशी होते: आयएसओ १०० ला १/५०, २०० ला १/१००, ४०० ला १/२०० आणि ८०० ला १/४०० सेकंद. प्रत्येक जोडीची दहा-दहा छायाचित्रे घ्यावीत, कारण एकाच छायाचित्रावरून निष्कर्ष काढला तर हवेच्या लहरीलाच आपण शटरचा गुण समजतो. मग प्रत्येक दहांतील सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट शेजारी शेजारी ठेवावे. १/५० ची दहाही मऊ आणि १/४०० ची बहुतेक स्पष्ट असतील तर दोष हादऱ्याचा ठरला. चारही गटांत सारखाच मऊपणा असेल तर शटरला हात लावण्यात अर्थ नाही, कारण दोष फोकसमध्ये किंवा हवेत आहे.

आयएसओ १०० शिवाय दर्जेदार छायाचित्र येत नाही हा हट्ट येथे सोडावा लागतो. आयएसओ ४०० चा दाणेदारपणा नंतर अनेक छायाचित्रे एकत्र करून जवळजवळ नाहीसा करता येतो, तर हादऱ्याने मिसळून गेलेली दोन विवरे पुन्हा वेगळी करता येत नाहीत. दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारे भिंग) लावला तर हे आणखी महत्त्वाचे ठरते. दुर्बीण तेव्हा एफ/१६ होते, चौपट वेळ लागतो आणि पिक्सेल ०.३४ विकलांचा होतो. आयएसओ २०० ला अष्टमीसाठी १/२५ ठेवले तर एवढ्यात चंद्र दीड पिक्सेलहून अधिक सरकतो, म्हणजे आता मोटर नसणे खरोखर नडते. आयएसओ ८०० ला १/१०० ठेवले तर सरक पुन्हा अर्ध्या पिक्सेलच्या आसपास येते.

हादरा ठरल्यावर उपाय सोपे आहेत. शटर बोटाने दाबू नये. टायमर दोन सेकंदांऐवजी दहा सेकंदांचा लावावा किंवा वायरचा रिमोट वापरावा. डीएसएलआरमध्ये आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याचा पर्याय असेल तर तो सुरू करावा. त्यानंतर नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारून लाइव्ह व्ह्यूमध्ये चंद्र किती वेळ थरथरतो ते पाहावे. दोन सेकंदांत तो स्थिर झाला तर बैठक चांगली. पाच-सहा सेकंद लागत असतील तर पायांखाली पाहावे. जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी या कामी उत्तम, कारण ती जमिनीत घट्ट बसलेली असते. पावसाळा संपल्यावर परसातली माती बराच काळ भुसभुशीत राहते आणि तिपाईचा एक पाय रात्रभर हळूहळू रुतत जातो. त्याखाली लाकडाचा जाड ठोकळा द्यावा. तिपाईच्या मध्यभागी वाळूने अर्धी भरलेली पिशवी टांगली तर थरथर पटकन विरते, मात्र पिशवी वाऱ्याने झुलता कामा नये; ती जमिनीला किंचित टेकलेली असावी. कॅमेऱ्याच्या वजनाने डोबसोनियनचे तोंड खाली झुकत असेल तर नळीच्या मागच्या टोकाला तेवढेच वजन बांधावे. झुकणारी नळी हाताने धरून ठेवणे हा उपाय नव्हे.

विषुववृत्तीय बैठक (ध्रुवाकडे अक्ष रोखून आकाशाबरोबर फिरणारी) असलेल्यांनी येथील अक्षांश लक्षात घ्यावा. रत्नागिरी जिल्ह्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो आणि बहुतेक वाड्यांत तो माडांमागे जातो. शिवाय अक्ष इतका खाली आणला की काही बैठकींत प्रतिवजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. चंद्रासाठी एक्स्पोजर इतके लहान असते की होकायंत्राने साधलेली उत्तर दिशा पुरेशी होते. अचूक ध्रुवसाधनात संध्याकाळ घालवू नये.

फोकस

सर्व छायाचित्रांत, सर्व शटर स्पीडना, सर्व दिशांना सारखाच मऊपणा असेल तर फोकस चुकला आहे. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून छायारेषेवरच्या एखाद्या विवराची कड पाहत फोकस करावा. पूर्ण चंद्राच्या उजळ गोलावर डोळ्याला फसगत होते. शुद्ध नवमीच्या सुमारास ९३ किमी व्यासाचे कोपर्निकस छायारेषेजवळ येते. त्याच्या आतल्या उतारांवरच्या पायऱ्या आणि मधले लहान डोंगर हे फोकस पारखण्याचे उत्तम लक्ष्य आहे. त्या पायऱ्या सुट्या दिसू लागल्या की फोकस साधला. चंद्र स्थिर दिसतच नसेल तर आधी व्याधासारखा तेजस्वी तारा घेऊन बाटिनोव्ह मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर लावायच्या, फटी कापलेल्या झाकणाने) फोकस साधावा आणि मग चंद्राकडे वळावे.

एवढ्यावर काम संपत नाही, कारण फोकसरचा स्क्रू आवळताना नळी किंचित सरकते आणि नेमका साधलेला फोकस निसटतो. आवळल्यानंतर पुन्हा दहा पट मोठे करून पाहावे. कॅमेरा जड असेल आणि फोकसर साधा असेल तर चंद्र डोक्यावर जाईपर्यंत कॅमेरा स्वतःच्या वजनाने खालीही घसरतो. त्यासाठी दर पंधरा-वीस मिनिटांनी फोकस तपासावा.

काही न्यूटोनियन दुर्बिणींत कॅमेरा लावला की फोकस मिळतच नाही. नळी पूर्ण आत गेली तरी चंद्र धुरकट राहतो. यात दुर्बिणीचा दोष नाही. डीएसएलआरच्या माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ ते ४६.५ मिमी अंतर असते, टी-रिंगसह (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कडीसह) ते ५५ मिमी होते, आणि डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीत फोकस तितका बाहेर येत नाही. बार्लो लावल्यास फोकस बाहेर सरकतो आणि प्रश्न सुटतो. मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर १६ ते २० मिमीच असल्याने कमी उंचीच्या जोडणीने थेट फोकस मिळू शकतो. मुख्य आरसा लांब स्क्रूंनी पुढे आणणे हा तिसरा मार्ग आहे, पण त्यानंतर दोन्ही आरशांची जुळणी नव्याने करावी लागते.

हवा, माड आणि दव

आता किनाऱ्याच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. एका छायाचित्रात चंद्राचा वरचा भाग स्पष्ट आणि खालचा मऊ, तर दुसऱ्याच क्षणी घेतलेल्या छायाचित्रात नेमके उलट. किंवा चंद्राची गोल कड दातेरी आणि लाटेसारखी वाकलेली दिसते. ही खूण हवेची आहे, आणि हवा कोणत्याही सेटिंगने सुधारत नाही. १५० मिमी दुर्बीण सिद्धान्ताने ०.७७ विकला इतके बारीक तपशील वेगळे करू शकते, परंतु अस्थिर हवेत हे तपशील दोन-तीन विकलांच्या खळबळीत बुडून जातात. तेव्हा करण्यासारखे दोनच: वेळ आणि जागा निवडणे, आणि पुष्कळ छायाचित्रांतून चांगली वेचणे.

दिवसभर समुद्रावरून येणारे खारे वारे सूर्यास्तानंतर मंदावतात आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारे सुरू होतात. या दोहोंच्या मधल्या पडलेल्या वाऱ्यात आकाश शांत वाटते, पण नेमक्या याच वेळी दिवसभर तापलेली कौले, सिमेंटची गच्ची आणि जांभ्याच्या भिंती उष्णता सोडत असतात. घराच्या छपरावरून दिसणारा चंद्र उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा हलतो, आणि वीस पावले सरकून तोच चंद्र मोकळ्या शेतावरून किंवा बागेवरून पाहिला तर लक्षणीय शांत असतो. म्हणून गच्चीवर दुर्बीण चढवण्यापेक्षा परसातली गवताची किंवा शेणाने सारवलेली जागा मला अधिक पसंत आहे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत दुर्बीण नेऊ नये. आरशाच्या ॲल्युमिनियमच्या थराला क्षार लवकर खातो आणि वाळूचे कण फोकसरच्या दात्यांत अडकतात.

ऋतूचाही विचार करावा. पावसाळ्याचे महिने सोडले तर नोव्हेंबर ते मार्च हा येथील चांगला काळ, परंतु त्यातही अष्टमीचा चंद्र प्रत्येक महिन्यात सारख्या उंचीवर नसतो. फाल्गुनातील शुद्ध अष्टमीचा चंद्र मृग नक्षत्राच्या आसपास असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारासच जवळजवळ डोक्यावर येतो. नवरात्रातील अष्टमीचा चंद्र धनु राशीत, दक्षिणेकडे खाली राहतो आणि लवकर मावळतीला लागतो. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच, तिथी तीच. तरी फाल्गुनातली छायाचित्रे स्पष्ट आणि आश्विनातली मऊ येतात, याचे कारण चंद्रप्रकाशाने किती हवा ओलांडली यात आहे. चंद्र खाली असल्याची आणखी एक खूण म्हणजे रंगीत कड: आकाशातील वरच्या कडेला निळसर आणि खालच्या कडेला तांबूस पट्टी. ती भिंगाचा दोष नसून वातावरणाने केलेले रंगांचे विभाजन आहे. साध्या भिंगाच्या दुर्बिणीत जांभळी कड असते, पण ती सर्व बाजूंनी सारखी असते, त्यामुळे दोहोंत गल्लत होत नाही.

हवेवरचा दुसरा उपाय व्हिडिओ. एक मिनिटाचा, सेकंदाला ३० चौकटींचा व्हिडिओ म्हणजे १,८०० चौकटी, आणि त्यांतील काही शांत हवेच्या क्षणी टिपलेल्या असतातच. ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर त्यांना दर्जाप्रमाणे क्रम लावते. वरच्या १० ते २० टक्के चौकटी एकत्र कराव्यात आणि मग रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये तपशील हळूवार उठवावेत. एक्स्पोजरची आणि फोकसची शिस्त येथेही तीच. चुकलेल्या फोकसच्या हजार चौकटी एकत्र केल्या तरी फोकस येत नाही. मोबाइल आयपीसला लावणाऱ्यांनी हाताने न धरता होल्डर वापरावा, चंद्रावर बोट दाबून फोकस व एक्स्पोजर बांधावे आणि उजळपणाची पट्टी विवरे दिसेपर्यंत खाली ओढावी.

तिसरी खूण फसवी आहे: कडा जागेवर असतात, विवरे मोजता येतात, पण सगळ्यावर दुधाळ पडदा आल्यासारखा वाटतो आणि चंद्राभोवतीचे आकाश काळे न राहता राखाडी होते. याची येथे तीन कारणे संभवतात. पहिले पातळ ढग. दुसरे माडाची झावळी. दुर्बिणीच्या तोंडासमोर दहा-पंधरा मीटरवर आलेली झावळी छायाचित्रात झावळीसारखी मुळीच दिसत नाही, कारण ती फोकसच्या फार बाहेर असते. ती फक्त प्रकाश कमी करते आणि कॉन्ट्रास्ट घालवते. वाऱ्याने ती हलत असेल तर एकाआड एक छायाचित्रे मंद येतात आणि माणूस शटर बिघडले असे समजतो. नळीच्या बाजूने, डोळा तोंडाजवळ नेऊन चंद्राकडे पाहिले की झावळी किंवा पोफळीचा शेंडा लगेच सापडतो. तिसरे कारण दव. ढग येतो आणि जातो, झावळी हेलकावते, दव मात्र वाढतच जाते. म्हणून त्याच सेटिंगवर दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेऊन हिस्टोग्राम पाहिला, आणि चंद्राचा भाग सतत डावीकडे सरकत असेल व आकाशाचा भाग उजवीकडे, तर दव धरले आहे असे समजावे.

न्यूटोनियनमध्ये मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो. दव आधी तोंडाजवळच्या दुय्यम आरशावर बसते. मंद टॉर्च तिरपा धरून पाहिले तर आरशावर श्वास सोडल्यासारखा थर दिसतो. तो कापडाने कधीही पुसू नये. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा दुरून दिली की थर उडतो, पण त्यानंतर काही मिनिटे नळीतली हवा गरम राहून चंद्र हलतो, तेवढे थांबावे. दव बसूच नये यासाठी काळ्या फोमच्या शीटचे, व्यासाच्या दीडपट लांबीचे नळकांडे तोंडाला लावावे. शेजारच्या दिव्याचा उजेडही त्याने अडतो. दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवलेली असेल तर बाहेर आणताक्षणी आरसा, आयपीस आणि सेन्सर तिन्हींवर पाणी धरते. ती पडवीसारख्या, बाहेरच्या तापमानाच्या कोरड्या जागी ठेवणे बरे. येथे रात्र आणि दिवस यांच्या तापमानात फार फरक नसल्याने आरसा निवण्यास डोंगरी भागापेक्षा कमी वेळ लागतो. पडवीतून आणलेल्या दुर्बिणीला अर्धा तास पुरतो.

हे सर्व तपासूनही चंद्राच्या मध्यभागी स्पष्टता आणि एकाच बाजूला कायम मऊपणा दिसत असेल, तर आरशांची जुळणी बिघडलेली आहे किंवा कॅमेरा फोकसरमध्ये तिरपा बसला आहे. ओळखण्यासाठी कॅमेरा अर्धे वर्तुळ फिरवावा. छायाचित्राच्या चौकटीत मऊ बाजू जिथे होती तिथेच राहिली तर दोष कॅमेऱ्याच्या बसण्यात. चौकटीत ती समोरच्या बाजूला गेली, म्हणजे चंद्राचा तोच भाग मऊ राहिला, तर आरशांत.

काम संपल्यावर ओलसर नळीवर झाकण लावून ती लगेच पेटीत ठेवू नये. पंख्याखाली, तोंड खाली झुकवून, पूर्ण सुकू द्यावी आणि मगच झाकणे बसवावीत. आयपीस, बार्लो आणि टी-रिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावे. भिंगावर एकदा बुरशीचे जाळे धरले की दुधाळ पडद्याची तीच खूण पुन्हा छायाचित्रात येते, आणि तेव्हा ती दव सुकल्यानेही जात नाही.